म्हसोबाजवळची रेघ

२ डिसेंबर २००७, मंगळवार पेठ

चालू झालं एकदाचं. पंपांच्या जळालेल्या मोटारी गुंडाळायच्या टेबलावर आता कॉम्प्युटर. त्यात लिनक्स, नकाशा काढून देणारं सॉफ्टवेअर, रेघा साठवायचं कोठार. सगळं फुकटातलं आणि आतून उघडं. कुणीही आत बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. मला हे पटायला वेळ लागला नाही. जन्मभर मोटारी उघडून बघतच शिकलो. जी वस्तू उघडू देत नाहीत तिच्यावर माझा कधी जीव बसला नाही.

काम एवढंच: नकाशावर कुठंही टिचकी मारा, तिथली जवळची पाणंद, रानातली वाट, दाखवेल. कुठून निघते, कुठं जाते, नुसती बैलगाडी जाते का ट्रॅक्टरचा ट्रेलर पण, पावसात चिखल किती. माणसानं विचारलं तरी सांगेल, दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटनं विचारलं तरी सांगेल. सध्या फक्त कोडोलीच्या पाणंदी. मग पन्हाळ्याखालची बाकीची गावं. मग बघू.

हिला दाखवलं. म्हणाली, "पाणंदी काय पळून चालल्यात व्हय, ह्यात कोंडायला?"

पळतात की. दर नांगरटीला बांध वीतभर सरकतो आणि पाणंद तेवढी बारीक होते. ज्या वाटेनं सायकलच्या कॅरेजला मोटार बांधून गेलोय, त्या वाटेनं आज मोकळा माणूस अंग चोरून जातो. दोन्हीकडचे म्हणतात, आम्ही कुठं काय केलं.

५ डिसेंबर

फुकट का देतात, हे काही उकलत नाही. ह्या सॉफ्टवेअरच्या मेलिंग लिस्टवर एक केरळातला माणूस आहे. कधी पाहिला नाही, पाहणार नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीला त्याच दिवशी उत्तर देतो, आणि वर म्हणतो, अजून अडलं तर विचारा. ह्याला काय मिळतं? माझ्या कॉम्प्युटरात डोकावतोय का?

हिला विचारलं. "तुम्ही बाजारात कुणाच्या पण पंपाचा आवाज ऐकून सांगत सुटत होता, बेअरिंग गेलंय म्हणून. तुम्हाला काय मिळत होतं?"

तरी लक्ष ठेवायचं.

८ डिसेंबर

कोडोलीला. शिवाप्पाकडं जेवण. (हाताला कंटाळा, इथून पुढं नुसतं शि. लिहीन.) गुळाचा व्यापार, शिवाय गावाबाहेर रान. एकदा ऐन उसाच्या भरणीच्या वेळी त्याची जळालेली मोटार मी बसल्या बैठकीला करून दिली, तेव्हापासूनची दोस्ती. मला अजून मिस्त्रीच म्हणतो, हिला अक्का. जीपीएसचं यंत्र त्यानंच घेतलं. पाणंदी फिरून रेघा आणायचं काम त्याचं, सर्व्हर माझा. रेघा घालायचा नि बदलायचा पासवर्ड दोघांकडंच, ज्याचा त्याचा वेगळा.

टपरीवर चहा घेताना एक म्हातारा मला न्याहाळत होता. "पावणं, हायवेवालं काय तुमी?" न्हाय म्हटलं. "मग धरणवालं?" ते पण न्हाय. "मग कोण?" मोटार वायंडिंगवाला. "मग रस्तं कशापायी मोजताय?"

मोजमाप आलं की मागनं जमीन जाणार, एवढं त्यांना ठाऊक. त्यांचं तरी काय चुकलं. मोजायला आलेला आजवर काही देऊन गेलाय का?

शि. हसत होता. "मिस्त्री, तुझं थोबाडच सरकारी हाय."

१२ डिसेंबर

सर्व्हरवर कोण काय विचारून गेलं त्याची नोंद आपोआप होते. आज वाचत बसलो. बहुतेक मीच. केरळवाला डोकावून गेला. पण एक कुणीतरी रोज येतंय आणि एकाच जागी टिचकी मारतंय. कोडोलीच्या म्हसोबापाशी. बाकी कुठं बघत नाही. आलं, बघितलं, गेलं.

कोण?

मनात पाल चुकचुकली.

१३ डिसेंबर

आज पण आलं.

शि.ला फोन केला. "म्हसोबाजवळ तू बघत असतोस काय रे?"

"मला काय धंदा न्हाय व्हय? म्हसोबा माझ्या रानाला लागून हाय. बघायचाच असला तर बांधावर जाऊन बघतो की."

तेही खरं. मग जमिनीचा दलाल? पन्हाळ्याची हवा खायला घरं बांधणारे हल्ली फार फिरतात. आधी पाणंद बघतात, मोटारगाडी आत जाते का. म्हणजे ज्यांच्या पायाखालची वाट राहावी म्हणून हे मांडलं, त्यांनाच उठवायला...

हिला सांगितलं नाही.

१८ डिसेंबर

कोडोली. स्वतः जाऊन बघून आलो.

रस्त्यावरनं पाणंद आत शिरते. थोडं पुढं मधोमध मोठा पार, त्यावर नांद्रुकीचं झाड, बुडाशी शेंदूर लावलेला म्हसोबा. पाराच्या वरच्या अंगाला शि.चं रान. खालच्या अंगाला हिराबाईचं, आणि वाटेला अगदी चिकटून तिची विहीर. तिचा सगळा ऊस पुढं, आत.

वरच्या अंगाला सिमेंटचे खांब. नवे. तार ओढलेली. ट्रेलर जायचा प्रश्नच नाही.

हिराबाई तिथंच भेटली. नवरा गेल्यापासून रान तीच बघते. पंप चालू असला तरी ऐकू येईल असा आवाज. "नकाशावालं मिस्त्री तुमीच न्हवं? मग सांगा की, माझा ऊस काय इमानात घालून काढू?"

खालनं विहीर आडवी येते. बैलगाडी कशीबशी निघते, ट्रेलर वळत नाही. गेल्या साली ट्रॅक्टर वरनं आला, वरनं गेला. आता तिची तोड जानेवारीअखेर. ऊसतोड टोळीचा मुकादम म्हणतो, ट्रेलर फडात येणार नसेल तर कोयता लावणार नाही, मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत कोण मरणार. पाळी चुकली की परत कधी लागेल सांगता येत नाही. तुरा येऊन ऊस पोकळ होणार.

शि.ला गाठलं. "वरनं पाणंद कवाच नव्हती. गेल्या साली तिचा ट्रॅक्टर मी माझ्या रानातनं सोडलाता. उपकार केला त्यो हक्क झाला व्हय?"

घरी येऊन नकाशा उघडला. रेघ म्हसोबाच्या खालनं जाते. विहिरीकडनं. रेघ शि.नं आणलेली.

२० डिसेंबर

रेघ आली नोव्हेंबरात. खांब त्यानंतर. आधी नकाशा, मग खांब.

कुठंतरी पाणी मुरतंय. यंत्र त्यानं आपणहून का घेतलं? तेव्हा विचारलं नाही. दोस्तीत विचारतं कोण.

हिला बोललो शेवटी. "शिवाप्पा? आपला? खुळं झालाय काय! दर संक्रांतीला गुळाची ढेप घेऊन येतो माणूस, अक्का म्हणून पाया पडतो."

म्हटलं, ढेप आणतो म्हणून रेघ सरळ आणत असेल असं नाही.

"मग काय, खाल्लेला गूळ परत देताय?"

२४ डिसेंबर

सर्व्हरला विचारलं, म्हसोबाजवळची रेघ आल्यापासून कुणी हलवली का. नाही. आली तशीच आहे.

बरं वाटलं. मांजरासारखा ऊन खात बसलो दारात. मग वाटलं, मुळात तो चाललाच खालनं असेल तर नंतर हलवायची गरज काय?

संशय म्हणजे बेअरिंगमध्ये शिरलेली रेती. मोटार फिरते, पण आवाज बदलतो.

२९ डिसेंबर

केरळवाल्याला लिहिलं, नावं न घेता. त्याचं म्हणणं: हे यंत्र थोडं इकडंतिकडं चुकतंच. एकदा चालून रेघ मारू नये. पुष्कळांनी चालावं, सगळ्या रेघा ठेवाव्या, एकही टाकून देऊ नये. आणि खाली एक प्रश्न: तुम्ही टाकून देता का?

टाकतो. माझ्याच हातानं लिहिलेला नियम आहे. एका पाणंदीची रेघ आधी आलेली असली की दुसरी घेऊ नको. कोठारात उगाच गर्दी नको म्हणून. केवढा हुशार वाटलो होतो स्वतःला!

नियम काढून टाकला. पण म्हसोबाची दुसरी रेघ आलीच नव्हती, की आली आणि दारातनं परत गेली? आता कळायला मार्ग नाही. यंत्रातलं जुनं केव्हाच पुसलंय.

३ जानेवारी २००८

ग्रामपंचायतीत बोलावणं. हिराबाईनं अर्ज दिलाय. गावाचा जुना नकाशा काढला. म्हसोबा नेमका घडीवर, आणि घडी झिजून भोक पडलेलं. त्या भोकातनं खालचं टेबल दिसत होतं.

सरपंच म्हणाले, "मग मिस्त्रीचा नकाशा धरूया की. त्यो तर समद्या जगाला दिसतोय."

शि. लगेच, "चालंल आपल्याला."

लगेच! जरा पण थांबला नाही.

हिराबाई म्हणाली, "मिस्त्री दोस्त कुणाचं, ते बी नकाशात दावाय सांगा."

सगळे हसले. मी पण हसलो. एस्टीत बसल्यावर हसू गेलं. संक्रांतीनंतर नकाशा सगळ्यांसमोर दाखवायचा, तो दोघांना मान्य, असं ठरलं आहे. आज दाखवला तर हिराबाईचा ऊस आत राहतो. बदलून दाखवला तर मी राहत नाही.

७ जानेवारी

आजचं नीट लिहून ठेवतो.

जीपीएसचं यंत्र सध्या माझ्याकडं आहे, ते घेऊन गेलो आणि सरळ हिराबाईच्या हातात दिलं. म्हटलं, घ्या, तुम्हीच चाला. तिनं ते पदरात गुंडाळलं, दिवा नेतात तसं. रस्त्यापासून निघाली, खांबांच्या आणि पाराच्या मधल्या बोळातनं वरनं गेली, फडापर्यंत. मी मागं. तिथं उसाचं कांडं मोडून दिलं मला. साखर आहे अंगात, म्हटलं. "उसातली साखर लागत न्हाय वो." खाल्लं थोडं.

परत फिरलो. म्हसोबा आला आणि बाई सरळ खालनं, विहिरीकडनं निघाली!

"अहो, हे काय? तुम्हीच म्हणता पाणंद वरनं, आणि तुम्हीच खालनं चालला?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखी. "मग? देव उजव्या हाताला नको व्हय? जाताना वरनं, येताना खालनं. देवाला डाव्या हाताला घालून कोण जातंय?"

आणि मी? मी तिच्या मागोमाग आलेलो. जाताना वरनं, येताना खालनं. माझे पाय मला न विचारता वळले होते. सायकलवर मोटार घेऊन यायचो तेव्हा पण असाच वळत असणार.

पारावर बसलो. अर्धी सकाळ लोकं बघितली. वैरणवाल्या बायका, दूधवाला, टपरीवरचा तो म्हातारा. आत जाणारा वरनं. बाहेर येणारा खालनं. एक पण चुकला नाही.

म्हणजे पाणंद इथं एक नाहीच. जायची वेगळी, यायची वेगळी, मधे देव. जातानाची रेघ घेतली तर वरची मिळते, येतानाची घेतली तर खालची. दोन्ही खऱ्या. आणि माझा नियम म्हणत होता, एकच ठेव.

"आणि ट्रॅक्टर?"

"त्याला कुठला देव कळतोय? त्यो वरनं जातोय, वरनंच येतोय. डायवर तेवढा हात जोडतोय."

निघताना म्हणाली, "सुनंला रोज नेट कॅफेत धाडते मी. तुमची रेघ खालनं दावतीया, वर येती का बघाय. का आणि खाली सरकवताय ते बी. डोळा हाय माझा तुमच्यावर, मिस्त्री."

रोज म्हसोबावर टिचकी मारणारा दलाल तो हा! मी त्याला शोधत होतो, आणि तो मलाच दलाल समजत होता. एस्टीत एकटाच हसत बसलो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

८ जानेवारी

दोन्ही रेघा घातल्या. नकाशात म्हसोबाभोवती कडं दिसतं. हिला दाखवलं. "आता कसं प्रदक्षिणेसारखं दिसतंय," म्हणाली.

हलकं वाटलं. शि. येताना चालला असेल, खालची रेघ मिळाली असेल. संपलं. उगाच माणसाबद्दल...

९ जानेवारी

संपलं नाही.

शि. म्हसोबाला मानत नाही. "माझा देव माझ्या गळ्यात हाय," म्हणतो आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावतो. लोक पाराला वळसा घालतात त्याची टिंगल करतो. मी स्वतः त्याला वरनंच जाताना आणि वरनंच येताना पाहिलंय, भरभर, तोंडात पान.

मग त्याची रेघ खालनं कशी?

१० जानेवारी

शि.च्या गुळाच्या गोदामात. आडपडद्यानं विचारायचं ठरवून गेलो, पण मला ते जमत नाही. सरळ विचारलं.

"मी कुठं चाललो? यंत्र गाडीच्या जुवाला बांधलं आणि मागं वैरणीवर पडलोतो. देव बैलास्नी हाय. त्यास्नी जाऊन इचार."

बैलं हिराबाईच्या नवऱ्याकडून घेतलेली. हे खरं आहे, मला माहीत आहे. त्या घरची बैलं देवाला डाव्या हाताला घालणार नाहीत.

"आणि जातानाची रेघ?"

"दोन्ही धाडल्यात. एक तुझ्या सर्व्हरनं खाल्ली असंल."

"आधी कुठली धाडलीस?"

"आता कोण ध्यानात ठेवतंय त्ये? का रं मिस्त्री, डाऊट खातोस व्हय माझ्यावर?"

न्हाय म्हणायला तोंड उघडलं. निघालं नाही. व्हय पण म्हणालो नाही.

चहा आला. साखरेचा. माझा बिनसाखरेचा तो आपणहून सांगतो, इतक्या वर्षांत कधी विसरला नाही. आज विसरला. का विसरला नाही. प्यायलो तसाच.

११ जानेवारी

एकच रेघ ठेवायचा नियम त्याला ठाऊक होता का?

होता. मीच कौतुकानं सांगितला होता, त्याच्याच ओट्यावर बसून. "पहिली येईल ती राहील," असं.

तो तेव्हा ऐकत होता की गुळाचे भाव लावत होता, आठवत नाही. आठवून आठवून डोक्याचा भुगा झाला.

१५ जानेवारी

संक्रांत होऊन गेली. ढेप आली नाही. हिनं वाण्याकडनं गूळ आणला.

१७ जानेवारी

ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर नकाशा लावला. खोलीत मावेनात इतकी माणसं. म्हसोबाभोवतालचं कडं दाखवलं. मग टपरीवरचा म्हातारा पडद्यावर बोट ठेवून म्हणाला, "आरं, ह्यानं आपलं पाय काढल्यात की रं!"

मग एकच गलका. ज्याला त्याला आपली पाणंद बघायची. सरपंचांनी आवरलं. "म्हंजे वरनं वाट हाय. शिवाप्पा, खांबाचं काय?"

शि. उठला. माझ्याकडं बघितलं नाही. "वाट हाय म्हनता, मान्य. पर ती माणसाबैलांची. बोळ ठेवलाय की मी. ट्रेलरएवढी रुंद व्हती, हे कोण म्हणतंय?"

"मी म्हणतेय!" हिराबाई.

"तू तर म्हणणारच."

सगळ्यांचे डोळे पडद्यावर. वरच्या रेघेपुढं रुंदीचा रकाना मोकळा. मी भरला नव्हता. ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोऱ्या होत्या तिथं खड्डे काढून खांब उभे केलेत, मोजणार कशावरनं?

आणि मी बोलून गेलो, "रुंदी शिवाप्पा भरेल. त्याच्या रानाकडेची वाट आहे, किती रुंद होती हे त्याच्याएवढं कुणाला माहीत नाही. पासवर्ड त्याच्याकडं आहे. तो भरेल ती मी ठेवीन."

हिराबाई ओरडली, "मिस्त्री, तुमची मोटार जळल्याली दिसतीया!"

शि.नं तेव्हा बघितलं माझ्याकडं. रागानं का कसं, नाही सांगता येत. इतक्या वर्षांचा माणूस, आणि तोंड वाचता आलं नाही.

१९ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "त्याचा पासवर्ड बदला." शिवाप्पाची बाजू घेणारी ही, तीच म्हणाली.

दुपारी बदलायला बसलो. जुना टाकला, नवा काय ठेवावा ह्याचा विचार करत राहिलो. बंद करून उठलो.

केरळवाल्यानं लिहिलंय: उघडं ठेवा, पण कुणी कधी काय केलं त्याची नोंद ठेवा, म्हणजे भीती नाही. त्याला काय सांगू. कुणी काय केलं हे नोंदीत दिसतं. का केलं हे बघायलाच मी रोज बसतोय.

२३ जानेवारी

रकाना मोकळा. शि.चा फोन नाही. मी पण केला नाही. करायला हवा होता का?

हिराबाईची सून आता सकाळ-संध्याकाळ टिचकी मारते.

२६ जानेवारी

हिराबाईचा फोन. टोळी शेजारच्या फडात आली. परवा तिची पाळी. मुकादम उद्या येऊन पाणंद बघणार, ट्रेलर शिरतो म्हणाला तर कोयता, नाही तर पुढच्या फडात.

"भरलं का वो त्यानं?"

"नाही अजून."

"तुमी भरा की मग! तुमचाच हाय न्हवं नकाशा?"

भरता येतो. दोन आकडे दाबायचे. सरपंच धरतील, गाव धरेल. पण ती रुंदी माझी होईल, आणि खांब त्याचेच राहतील. उद्या पोलीस आणून पाडतील, नाही तर नाही पाडणार. त्यानं भरली तर तो आपल्या हातानं उपटेल. एवढं कळतं मला त्याचं. अजून तरी कळतं असं वाटतंय.

"थांबा जरा," म्हटलं.

"उसाला सांगा थांबाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

२७ जानेवारी

सकाळपासून बसलोय. ही दोनदा चहा ठेवून गेली.

आत्ता शि. आला. म्हणजे त्याचा पासवर्ड आला. मी लिहिलेला एक भाग आहे, एकानं रेघ बदलायला उघडली की दुसऱ्याला हात लावता येत नाही. तसा निरोप पडद्यावर आलाय: वरची रेघ शिवाप्पानं उघडली आहे.

उघडून ठेवलीय. रुंदी भरतोय? की पुसतोय?

त्यानं एकदा बंद केली. काही न करता. रकाना तसाच. परत उघडली.

माझ्याकडं इन्व्हर्टर आहे. त्याच्या गोदामातल्या कॉम्प्युटरला नाही. कोडोलीची लाईट थोड्या वेळात जाणार, ह्या वेळेला रोज जाते. सेव्ह करण्याआधी गेली तर जे काही करत असेल ते राहून जाईल, आणि मला कधीच कळणार नाही काय करत होता ते.

फोन उचलला. काय सांगू, लवकर कर म्हणून? काय लवकर कर? ठेवला.

ही दारात. "जेवायला वाढू?"

थांब जरा, म्हटलं. तिनं पडद्याकडं बघितलं, शिवाप्पाचं नाव वाचलं, आणि पाट ओढून शेजारी बसली.

अजून उघडी आहे.